डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तदाब

चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. गरम होताच ती दह्यासारखी फुटली, तर रोग्याची मूत्रपिंडं बिघडली आहेत असं समजायचं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये १८२०च्या दशकात रिचर्ड ब्राइट हा डॉक्टर ही परीक्षा रोग्याच्या खाटेपाशीच करत असे. अंगावर सूज, लघवीतून जाणारी प्रथिनं आणि मृत्यूनंतर आढळणारी बिघडलेली मूत्रपिंडं या तिन्हींचा संबंध त्याने १८२७च्या आपल्या ग्रंथात जोडून दाखवला, आणि पुढची शंभर वर्षं हा आजार त्याच्याच नावाने ओळखला गेला.

या रोग्यांमध्ये आणखी दोन गोष्टी दिसत. शवविच्छेदनात अनेकांचं हृदय फुगलेलं आणि जाड झालेलं आढळे. आणि काहींची नजर शेवटच्या महिन्यांत मंद होत होत जवळजवळ जाई. डोळा वरून पाहिला तर स्वच्छ असे. मोतीबिंदू नाही, लाली नाही, दुखणं नाही. तरी रोग्याला समोरचा माणूस दिसत नसे. १८३६ मध्ये ब्राइटने १०० रोग्यांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. हृदय का फुगतं याविषयी त्याने दोन तर्क मांडले. बिघडलेलं रक्त हृदयाला डिवचत असावं. किंवा शरीरभरच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला जादा जोर लावावा लागत असावा. दुसरा तर्क रोगाच्या मुळाशी जाणारा होता. पण जिवंत माणसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाहायच्या कशा, याला तेव्हा उत्तर नव्हतं.

ते उत्तर आलं लंडनपासून दूर, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरातून. हेर्मान हेल्महोल्ट्झ तिथे शरीरक्रियाशास्त्र शिकवत होता, वय २९. डोळ्याची बाहुली काळी का दिसते, हे विद्यार्थ्यांना समजावताना त्याला मार्ग सुचला. डोळ्यात शिरलेला उजेड ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परततो. त्या वाटेवर डोळा लावावा, तर पाहणाऱ्याचंच डोकं दिव्याच्या आड येतं. हेल्महोल्ट्झने काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या बसवल्या. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा उजेड त्यांच्यावरून परावर्तित होऊन रोग्याच्या डोळ्यात जाई आणि परतणारा उजेड त्याच पट्ट्यांतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. पुठ्ठा, चष्म्याची भिंगं आणि काचपट्ट्या एवढ्या सामानात पहिलं यंत्र उभं राहिलं. डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनच्या भौतिकी मंडळाला त्याने हा शोध कळवला आणि १८५१ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८४७ मध्येच असं एक यंत्र बनवून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला दाखवलं होतं, पण त्याचं मोल त्या तज्ज्ञाला उमगलं नव्हतं.

ऑफ्थाल्मोस्कोप नावाच्या या यंत्रातून काय दिसतं? नारिंगी-लाल पडदा, त्यावर दृष्टीच्या मज्जातंतूची फिकट गोल चकती, आणि चकतीच्या मध्यातून निघून वर-खाली फांद्या फुटत गेलेल्या रक्तवाहिन्या. फिक्या लाल आणि किंचित बारीक त्या धमन्या. गडद आणि जाडसर त्या शिरा. चकतीच्या काठाशी या धमन्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. मानवी शरीरात इतक्या बारीक धमन्या आणि शिरा कातडी न कापता, वाहत्या रक्तासकट इतक्या स्पष्टपणे पाहता येतील अशी जागा ही एकच. मेंदू आणि मूत्रपिंड यांतही अशाच बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, पण ते हाडामांसाआड दडलेलं.

बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या तरुण नेत्रतज्ज्ञाने हे यंत्र उत्साहाने उचललं. त्याचा सहायक रिखार्ड लीब्राइख याने १८५९ मध्ये ब्राइटच्या आजाराच्या रोग्यांचा पडदा कसा दिसतो याचं वर्णन केलं आणि १८६३ मध्ये डोळ्याच्या अंतर्भागाचा सचित्र संग्रहच काढला. पडद्यावर ठिकठिकाणी रक्ताचे ओरखडे, पांढरट डाग, चकतीभोवती सूज, आणि नजरेच्या केंद्राभोवती ताऱ्याच्या किरणांसारख्या पिवळट रेषा. ब्राइटच्या वॉर्डातले रोगी आंधळे का होत होते, ते आता डोळ्यांनी दिसत होतं.

दिसलं, पण अर्थ लागला नाही. दोष मूत्रपिंडाचाच, असं सर्वांनी गृहीत धरलं. लघवीतल्या प्रथिनांशी जोडूनच डोळ्याच्या या विकाराला नाव दिलं गेलं आणि पाठ्यपुस्तकांत ते अनेक दशकं टिकलं. मूत्रपिंड बिघडतं, रक्तात विष साठतं, ते विष डोळा जाळतं, अशी ती कार्यकारणाची साखळी होती. रक्ताचा दाब त्या साखळीत कुठेच नव्हता, कारण माणसाचा रक्तदाब मोजण्याचं सोयीचं साधनच नव्हतं.

ही साखळी उलटी असू शकते, हे पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं वाटावं असं आहे: फ्रेडरिक अकबर महंमद. त्याचे आजोबा दीन महंमद मूळचे पाटण्याचे. १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय जेवणाचं हॉटेल काढणारे आणि पुढे ब्रायटनला चंपी आणि वाफेच्या स्नानाने इंग्लंडच्या राजापर्यंत नाव पोचवणारे ते हेच. नातू गाय्ज हॉस्पिटलमध्ये, म्हणजे ब्राइटच्याच रुग्णालयात, डॉक्टर झाला. मनगटाच्या नाडीची लहर काजळी धरलेल्या कागदावर उमटवणारं यंत्र त्याने सुधारलं आणि १८७४ मध्ये एक मोलाचं निरीक्षण मांडलं. नाडीतला ताण वाढलेला असतो, पण लघवीत अजून प्रथिनं नसतात, अशी एक आधीची अवस्था असते. म्हणजे दाब आधी वाढतो, मूत्रपिंड नंतर ढासळतं. काहींचं तर ढासळतही नाही. ती माणसं चालती-फिरती असतात आणि त्यांच्या नाडीत मात्र हा ताण कायम असतो. आज कोट्यवधी लोक ज्या बीपीची गोळी घेतात, त्या आजाराचं हे पहिल्या काही नेमक्या वर्णनांपैकी एक. १८८४ मध्ये विषमज्वराने महंमद गेला तेव्हा तो जेमतेम पस्तिशीत होता.

नाडीतला हा ताण डोळ्यात दिसतो का? लंडनमध्येच विल्यम गॉवर्स या मज्जाविकारतज्ज्ञाने १८७६ मध्ये होकार भरला. ज्यांची नाडी बोटाखाली कठीण लागते, त्यांच्या पडद्यावरच्या धमन्या शेजारच्या शिरांच्या मानाने फार बारीक दिसतात, हे त्याने नोंदवलं. निरोगी डोळ्यात धमनी आणि शिरेच्या जाडीचं प्रमाण साधारण दोनास तीन असतं. या रोग्यांत धमनी अर्ध्यावर किंवा त्याहूनही बारीक झालेली. १८७९ मध्ये डॉक्टरांसाठी त्याने ऑफ्थाल्मोस्कोपवर पुस्तक लिहिलं. डोळ्याचा पडदा हा केवळ नेत्रतज्ज्ञाचा प्रांत नाही, सर्वसाधारण डॉक्टरनेही त्यात डोकावलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता.

धमन्या बारीक का होतात, याची उकल नंतर झाली. पडद्यातल्या धमन्यांना आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा पुरवठा नसतो. त्या आपला कारभार आपणच सांभाळतात. आत दाब वाढला की भिंतीतला स्नायू ताणला जातो आणि उत्तरादाखल आवळतो. पुढच्या नाजूक केशवाहिन्यांपर्यंत वाढीव दाब पोचू नये म्हणून हा बचाव. दोन-चार तासांसाठी तो उपकारक असतो. तोच वर्षानुवर्षं चालला की स्नायूची जागा राठ तंतू घेतात, भिंत जाड होते आणि धमनी कायमची बारीक राहते.

मूरफील्ड्स या लंडनच्या नेत्ररुग्णालयातल्या रॉबर्ट मार्कस गन याने ही जाड झालेली भिंत सर्वांत बारकाईने पाहिली. गन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या केथनेसचा. १८९२ आणि १८९८ मध्ये त्याने ब्रिटनच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेपुढे आपली निरीक्षणं ठेवली. धमनीची भिंत एरवी पारदर्शक असते. आपल्याला दिसतो तो आतला रक्ताचा स्तंभ आणि त्यावर मधोमध उजेडाची एक अरुंद रेघ. भिंत जाड होऊ लागली की ही रेघ रुंदावते आणि धमनी तांब्याच्या तारेसारखा रंग घेते. आणखी जाड झाली की आतलं रक्त दिसेनासं होतं आणि तार चांदीची होते. तांब्याची तार आणि चांदीची तार हे शब्द डॉक्टर आजही वापरतात.

गनचं नाव मात्र कायमचं जोडलं गेलं ते दुसऱ्या एका खुणेशी. पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथे बहुतेक वेळा धमनी वर असते, शीर खाली, आणि दोघींचं बाहेरचं वेष्टन एकच असतं. कडक झालेली धमनी त्या सामाईक वेष्टनात शिरेला दाबते. पाण्याने भरलेल्या रबरी नळीवर पाय पडावा तशी शीर त्या जागी चेपते. दोन्ही बाजूंना निमुळती होत जाते, कधी धमनीच्या आड तुटल्यासारखी दिसते आणि पलीकडे तटतटून फुगते. पुढे कधीतरी नेमक्या या ओलांडणीपाशीच शिरेत रक्त गोठतं आणि एका सकाळी माणसाला निम्मं दृश्य धूसर दिसू लागतं. गनला त्याहून मोठी गोष्ट दिसली होती. ज्यांच्या पडद्यावर या खुणा होत्या, त्यांच्यातले अनेक जण मेंदूतल्या रक्तस्रावाचे बळी ठरत होते. डोळ्यात जे दिसतं तेच मेंदूत न दिसता चाललं असतं, हा त्याचा निष्कर्ष होता.

या निरीक्षणाच्या वेळी गनपाशी रक्तदाबाचा आकडा नव्हता. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर दाब मोजण्याची सोपी रीत शिपिओने रिवा-रोच्ची याने इटलीत तूरिन इथे १८९६ मध्ये दिली. पट्ट्याखाली कानाने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन आकडे काढण्याची युक्ती रशियात सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह याने १९०५ मध्ये सांगितली. डोळ्याने चाळीस-पन्नास वर्षं जे दाखवलं होतं, त्याला आता आकड्याची जोड मिळाली. १९१४ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमचे फ्रान्झ फोल्हार्ट आणि थिओडोर फार यांनी वाढत्या रक्तदाबाचे दोन स्वभाव वेगळे केले: वर्षानुवर्षं संथ चालणारा, आणि काही महिन्यांत माणूस संपवणारा. दुसऱ्याला त्यांनी घातक म्हटलं. एखाद्या रोग्याचा दाब यांतल्या कोणत्या प्रकारचा, हे सांगण्यात डोळ्याचा पडदा सर्वांत भरवशाचा ठरू लागला.

त्याचा पक्का हिशेब मांडला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने. नॉर्मन कीथ हा तिथला वैद्य आणि हेन्री वॅगनर हा नेत्रतज्ज्ञ १९२०च्या दशकापासून एकत्र काम करत होते. १९३९ मध्ये नेल्सन बार्कर याच्यासह त्यांनी २१९ रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या रोग्यांचे त्यांनी मुख्यतः डोळ्याच्या पडद्यावरून चार गट पाडले. पहिल्या गटात धमन्या किंचित बारीक. दुसऱ्यात त्या अधिक बारीक आणि ओलांडणीपाशी गनची खूण. तिसऱ्यात रक्तस्राव आणि पांढरे डाग. चौथ्यात हे सगळं, शिवाय दृष्टीच्या चकतीला सूज.

गट बदलतो म्हणजे पडद्यात काय घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. दुसऱ्या गटापर्यंत धमन्या आवळून आणि जाड होऊन पुढच्या वाहिन्यांना सांभाळत असतात. तिसऱ्यात हा बांध फुटलेला असतो. भिंतीला इजा होते आणि रक्त पाझरतं. पडद्याच्या वरच्या थरात मज्जातंतू समांतर धावतात, म्हणून त्यांच्यामध्ये झिरपलेलं रक्त ज्योतीसारखं लांबट दिसतं. काही बारीक धमन्या पुरत्या बंद होतात. तिथले मज्जातंतू रक्तावाचून सुजतात आणि कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे, धूसर कडांचे डाग उमटतात. रक्तातला पाझरलेला स्निग्ध अंश नजरेच्या केंद्राभोवती साठतो तेव्हा लीब्राइखने पाहिलेला तारा तयार होतो. आणि चकती सुजते तेव्हा मेंदू आणि मूत्रपिंड हीही बहुधा त्याच संकटात असतात.

आता १९३९चे आकडे पाहा. पहिल्या गटातले ७० टक्के रोगी तीन वर्षांनंतर जिवंत होते. दुसऱ्यातले ६२ टक्के. तिसऱ्यातले २२ टक्के. चौथ्यातले ६ टक्के. त्या गटात एक वर्ष काढणारेही पाचांत एकच. डोळ्यात यंत्र लावून डॉक्टर जणू रोग्याचं उरलेलं आयुष्य वाचू शकत होता.

आणि वाचल्यावर करण्यासारखं त्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, चिंता करू नका, एवढाच सल्ला. वाढलेला दाब शरीराच्या गरजेपोटी असतो, तो उतरवू नये, असं मानणारे मोठे डॉक्टरही होते. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसालाही तो उतरवणारं औषध मिळालं नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, तेव्हा त्यांचा वरचा आकडा ३०० च्या पुढे होता.

हा काळोख पहिल्यांदा फिकट झाला तो भाताने. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आलेला वाल्टर केम्पनर आपल्या रोग्यांना बिनमिठाचा भात, फळं आणि साखर यांवर कित्येक आठवडे ठेवत असे. अत्यंत कठोर आणि कंटाळवाणं पथ्य. ते पाळवून घेणंच अवघड. पण १९४०च्या दशकात त्याने पडद्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. सुजलेली चकती सपाट झाली होती, रक्तस्राव ओसरले होते, पांढरे डाग विरले होते. रक्तदाबाने झालेलं नुकसान भरून येऊ शकतं, याचा पुरावा डोळ्यानेच दिला. औषधयुगाच्या आधी आशेला एवढं भक्कम कारण कुणी दिलं नव्हतं.

याच सुमारास मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीवर काम करत होते. ही वनस्पती आयुर्वेदाला जुनी. तिचा रक्तदाबावरचा गुण १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवला होता. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. वकिलांनी ५० रोग्यांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. तो लेख वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत ही मुळी वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातला मुख्य घटक, रेसर्पिन, वेगळा काढला. मन खिन्न करण्यासारख्या दुष्परिणामांमुळे हे औषध पुढे मागे पडलं. पण तोंडाने घ्यायच्या गोळीने दाब उतरवता येतो हे जगाला पटवण्यात त्याचा वाटा मोठा होता. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या कामाची दखल जगाने इतक्या आदराने घ्यावी, याचा अभिमान आपण फारसा बाळगत नाही, बाळगायला हवा.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एडवर्ड फ्राइस यांनी निर्णायक चाचणी पूर्ण केली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. काहींना खरी औषधं, काहींना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. खऱ्या औषधांत लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर रेसर्पिनही होतं. निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवलं. औषधांच्या गटात फक्त दोघांवर. ज्यांच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सुजलेली चकती होती, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांना औषधाविना ठेवणं म्हणजे मरायला सोडणं, हे मेयोच्या चार गटांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढची पन्नास वर्षं पडद्याचं वाचन माणसाच्या नजरेकडून मोजमापाकडे सरकलं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या चार वस्त्यांमधल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पडद्यांचे फोटो काढून धमन्यांची रुंदी संगणकावर मोजली गेली. ज्यांच्या पडद्यावर वाहिन्यांच्या बिघाडाच्या खुणा होत्या त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका जास्त होता, हे गनचं म्हणणं आकड्यांनी सिद्ध झालं. धमन्या बारीक होण्याची सुरुवात कित्येकदा रक्तदाब वाढण्याच्या आधीच होते, हेही दिसलं. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक लोकांच्या पडद्यांचे फोटो संगणकाला शिकवले. त्यानंतर निव्वळ फोटो पाहून त्याने वरच्या रक्तदाबाचा जो अंदाज बांधला, तो सरासरी ११ अंकांच्या फरकाने खरा निघाला.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. दंडाचा पट्टा त्या क्षणाचा आकडा सांगतो. दवाखान्यात बसल्यावर तो वाढतो, घरी उतरतो, आणि त्याच्या चढउतारावरून आपण हुज्जत घालत राहतो. पडदा सांगतो तो शरीराने वर्षानुवर्षं सोसलेला भार. दहा वर्षं बीपी असलेल्या, आणि त्याबरोबर मधुमेहही असलेल्या किती जणांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घेतला आहे? चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले, असंच बहुतेकांना वाटतं. नजर शाबूत असते तोवर कुणी तिथे डोकावत नाही. आणि तिसऱ्या गटापर्यंतही पुष्कळांची नजर शाबूतच असते. डोकं ठणकतंय, नजर एकाएकी धूसर झाली आहे आणि दाब १८०च्या वर आहे, अशा वेळी तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवं.

१९३९च्या डॉक्टरला सारं दिसत होतं आणि त्याचे हात रिकामे होते. चौथ्या गटातल्या रोग्याला आज वेळेत उपचार मिळाले तर तो अनेक वर्षं जगतो आणि त्याची नजरही बहुधा वाचते. औषधं स्वस्त आहेत, पडद्याचा फोटो दोन मिनिटांत निघतो, तालुक्याच्या गावीही नेत्रतज्ज्ञ भेटतो. ज्या पिढ्यांनी काही करता येत नसतानाही इतक्या निष्ठेने पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्यांच्या कामाचं चीज करायचं तर बीपीच्या प्रत्येक रोग्याने एकदा तरी हा पडदा तपासून घ्यायला हवा, आणि प्रत्येक डॉक्टरने त्याला तशी आठवण करून द्यायला हवी.